लाल चिखलातलं पांढरं

लखनौहून परत आले तेव्हा आळीतल्या बायका विचारायला आल्या, तिकडे काय काय पाहिलंत? मी म्हटलं, चिखल पाहिला. त्यांना वाटलं मी थट्टा करते. थट्टा नव्हती. आठ दिवस होते, त्यातले पाच दिवस मी एका अंगणात बसून लाल चिखलाकडे आणि तो ढवळणाऱ्या माणसाकडे बघत होते. मोठा इमामबाडा रिक्षातून पाहिला. मोठा आहे. त्याची माहिती ज्यांना हवी त्यांनी दुसऱ्या कुणाचं लिहिलेलं वाचावं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला जे कळलं तेवढंच लिहिते.

मी फिरायला गेले नव्हते. माझ्या सुनेचं, सुमनचं पत्र आलं म्हणून गेले. पत्रात चारच ओळी होत्या. "आई, हे येत्या सोमवारी राजीनामा देणार म्हणतात. माझं ऐकत नाहीत. एका माणसाच्या नादी लागले आहेत. तुम्ही या, आणि येताना पापडाचं पीठ आणा." शेवटची ओळ तिने माझ्या मुलाला पत्र दिसलं तर शंका येऊ नये म्हणून लिहिली असावी, पण मी पीठ आणलं. पापडखारही आणला.

वसंता माझा एकुलता. तो सहा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. आमचं गाव कऱ्हाडजवळ, नदीकाठी. तिथे मी पापड लाटून त्याला शिकवलं. तो रेल्वेत इंजिनिअर झाला. अठरा वर्षं नोकरी झाली, पेन्शनीला अजून वेळ आहे, आणि मुलगी मनू आठवीत. अशा माणसाने राजीनामा द्यायचा म्हणजे त्याला कुणीतरी फसवत असलं पाहिजे, हे मी गाडीत बसण्याआधीच ठरवून टाकलं होतं.

तेलीबाग

चारबाग स्टेशनावर वसंता घ्यायला आला होता. वाळला होता. हात बघितले तर बोटांची कातडी सोललेली, धुणं धुणाऱ्या बाईसारखी.

"हे काय रे?"

"काही नाही आई. सोडा लागतो."

"तू रेल्वेत इंजिनिअर ना? सोडा कुठे लागतो?"

"घरी गेल्यावर सांगतो."

रेल्वेचं चांगलं क्वार्टर सोडून त्याने शहराच्या दक्षिणेला, तेलीबागेत भाड्याचं घर घेतलं होतं. कारण काय, तर मागे अंगण हवं होतं. नवी वस्ती, अर्धी घरं विटांची उघडीच, मधे मोहरीची शेतं. फाल्गुन लागलेला होता. प्रत्येक गच्चीवर चादरी पसरून बायका बटाट्याचे पापड घालत होत्या. तिकडे होळीसाठी करतात. बटाटा उकडायचा, मळायचा, दोन प्लास्टिकच्या कागदांत दाबायचा, झाला पापड. लाटणं नाही, खार नाही, कुटणं नाही. मला ते पापड वाटले नाहीत, पण खाल्ल्यावर बरे लागले.

घरात शिरल्या शिरल्या सुमनने तांब्याभर पाणी दिलं. पाण्याला जरा तुरट चव होती. आमच्याकडे पावसाळ्यात नदी गढूळ झाली की घागरीत तुरटी फिरवतात, तशी. मला बरं वाटलं. पोरगा घर सोडून गेला त्या दिवशी मी त्याच्या ट्रंकेत तुरटीचा खडा ठेवला होता आणि सांगितलं होतं, नवी जागा, नवं पाणी, खडा फिरवल्याशिवाय प्यायचं नाही. इतक्या वर्षांनी तो ऐकतो आहे हे पाहून मी दुसरा तांब्याही प्याले.

मनू शाळेतून आली आणि पाया पडली. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलते हिंदीत.

"आजी, आप कितने दिन रहोगी?"

"काम होईपर्यंत."

"कौन सा काम?"

"तुझ्या बापाचं डोकं ठिकाणावर आणायचं."

"अच्छा," ती म्हणाली, "फिर तो आप यहीं बस जाओगी."

मग वसंताने मला अंगणात नेलं. भिंतीकडेला गोण्या रचलेल्या होत्या, त्यांतून लाल पाणी झिरपून जमीन रक्त सांडल्यासारखी झाली होती. ॲल्युमिनियमच्या कारखान्यात दगडातून ॲल्युमिनियमचं पीठ काढून घेतलं की जो गाळ उरतो, तो हा लाल चिखल. कारखाने त्याचे डोंगर करून ठेवतात. त्यावर गवत उगवत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. आणि माझा मुलगा म्हणाला, या चिखलात स्कँडियम नावाचा धातू आहे. टनात मूठभर. रशियात तो विमानाच्या धातूत मिसळतात, त्याने विमान हलकं आणि बळकट होतं. सोन्याहून महाग आहे.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"श्रीवास्तवजींनी."

तर हा तो माणूस. ॲल्युमिनियमच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला. त्याने मालगाडीने या गोण्या मागवल्या, त्या फलाटावर फुटल्या, सगळा फलाट लाल झाला. वसंता त्याला झापायला गेला आणि दोन तास चिखलाबद्दल ऐकून परत आला. त्याला आता दीड वर्ष झालं होतं. आता दोघं मिळून कारखाना काढणार होते, आणि त्यासाठी वसंता नोकरी सोडणार होता.

चिखल आमच्या दारात, गोण्या आमच्या अंगणात, नोकरी जाणार माझ्या मुलाची. त्या माणसाचं यात काय जाणार होतं, असं मी विचारलं. वसंता एका गोणीचं तोंड बांधत राहिला.

श्रीवास्तवजी

दुसऱ्या दिवशी ते सायकलवरून आले. साठीचे, किडकिडीत, कुडत्याला इस्त्री, वर जाकीट. मला पाहून सायकल भिंतीला लावायच्या आधी हात जोडले.

"अम्माजी, आपके आने से इस घर में रौनक आ गई."

मला येऊन एक दिवसही झाला नव्हता आणि त्या एका दिवसात मी तिघांनाही बोल लावले होते. रौनक कसली? इतकं गोड बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. आमच्याकडे दुकानदार गोड बोलू लागला की आम्ही माप बघतो.

सुमनने चहा आणला. ते म्हणाले, "अभी पीकर आया हूँ बेटी." पाणी दिलं. त्यांनी पेला दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावल्यासारखा केला आणि न पिता बाजूला ठेवला. थोड्या वेळाने त्यांनी आपल्या पिशवीतून बाटली काढली आणि तिच्यातलं पाणी प्याले. मी पाहिलं. मी असल्या गोष्टी पाहायलाच गेले होते.

माझी हिंदी अशी तशीच आहे, पण मी सरळ विचारलं. "तुम हमारे घर का पानी क्यों नहीं पीता?"

ते जरा गडबडले. "वो... डॉक्टर ने उबला हुआ पानी कहा है, अम्माजी." आणि नजर खाली घातली.

हा माणूस खोटं बोलतो हे मला तिथेच कळलं. कशाबद्दल ते कळायला आणखी काही दिवस लागले.

"थैली में क्या है?" मी म्हटलं.

"आई!" वसंता ओरडला.

"तू गप्प रहा. घर तुझं असेल, तू माझा आहेस."

मनू मागून म्हणाली, "पापा, आजी तो पूरी सीबीआई है."

श्रीवास्तवजी रागावले नाहीत. त्यांनी पिशवीतल्या वस्तू एक एक करून पाटावर मांडल्या. पाण्याची बाटली, दोन पेरू, रुमाल, कागदाच्या पट्ट्यांची डबी, वही. मग पिशवी उलटी करून झटकली. "आप बिल्कुल ठीक कर रही हैं," ते म्हणाले. "आपकी जगह मैं होता तो जेब भी देखता." आणि जाकिटाचे खिसेही बाहेर काढून दाखवले.

माझा संशय दुप्पट झाला. निर्दोष माणूस एवढा शांत राहत नाही. मी तरी राहिले नसते.

मग त्यांनी मला काम समजावून सांगितलं. मला समजेल असं सांगितलं, एवढं मात्र कबूल करते. चिखलात तेजाब, म्हणजे ॲसिड, ओतलं तर सगळंच विरघळतं, लोखंड, माती, सगळं. मग त्यातून हवं ते निवडायचं कसं? म्हणून ते तेजाब वापरत नाहीत, धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा वापरतात. सोडावॉटरवाल्याकडून गॅसची टाकी आणून तो गॅस त्या पाण्यात सोडतात. "तेज़ाब सब खा लेता है, अम्माजी. सोडा चुनकर खाता है. लोहे को हाथ भी नहीं लगाता." लोखंड चिखलात राहतं, स्कँडियम पाण्यात उतरतं. ते पाणी फडक्यातून गाळायचं, त्यात साधं पाणी घालून पातळ करायचं आणि उकळायचं. उकळलं की गॅस निघून जातो, स्कँडियमला पाण्यात राहता येत नाही, आणि ते पांढरं होऊन तळाशी बसतं.

"सोडा आम्ही पापडात घालतो," मी म्हटलं. "चाळीस वर्षांत सोनं निघालं नाही."

"आपने चिखल नहीं डाला होगा," ते म्हणाले. त्यांनी माझा शब्द उचलला होता. मनू खो खो हसली. मी हसले नाही.

वसंताने काचेच्या बरण्या आणून दाखवल्या. पहिल्या वर्षीच्या बरण्यांत तळाशी नखावरच्या ठिपक्याएवढं पांढरं होतं. गेल्या दोन महिन्यांतल्या बरण्या मात्र चतकोर भरलेल्या.

"अचानक इतकं कसं वाढलं?" मी विचारलं.

"आधी काचेच्या भांड्यात करत होतो, आता ड्रममध्ये करतो. हात बसला." वसंताचे डोळे चमकत होते. "आई, हेच तर! याच्यासाठीच राजीनामा. तपासायला नमुना पाठवलाय. रिपोर्टला महिना लागेल. तोवर थांबलो तर कारखान्याची जागा हातची जाईल."

मी बरण्यांकडे पाहिलं आणि श्रीवास्तवजींकडे पाहिलं. दोन महिन्यांपूर्वी या घरात काहीतरी सुरू झालं होतं. कुणीतरी वरून पांढरं टाकत होतं. दुसरं काय असणार?

अमीनाबाद

गाळायचं फडकं फाटलं होतं, म्हणून सुमन आणि मी मलमल आणायला अमीनाबादला गेलो. आधी टेम्पो, मग सायकलरिक्षा, मग पायी, कारण पुढे रिक्षा शिरतच नाही. कपड्यांची दुकानं एकमेकांच्या अंगावर बसल्यासारखी. चिकनचे कुडते, दुपट्टे, बांगड्या, तवे, कुकर. आमच्याकडे गिऱ्हाईक दुकानात उभं राहतं. इथे गादीवर बसवतात, पाणी विचारतात आणि पन्नास तागे उलगडतात, आणि काही न घेता उठलं तरी तोंड वाकडं करत नाहीत. मला हे बरोबर वाटलं नाही. तोंड वाकडं केलं की निदान भाव कळतो.

मी मलमलीचे चार तुकडे बाहेर उजेडात नेऊन धरले आणि पाचवा घेतला. दुकानदार म्हणाला, "अम्मा, कपड़ा देख रही हैं कि लड़की?" मी म्हटलं, "लड़की होती तो आधा घंटा देखती." तो हसला आणि कापताना चार बोटं जास्त कापली. ती चार बोटं का दिली याचाही मी परतताना विचार करत होते.

गल्लीत एका गाड्यावर खस्ता कचोरी खाल्ली, बटाट्याच्या रश्शाबरोबर, पानाच्या द्रोणात. तिखट कमी, पण कचोरी तोंडात विरघळली. तिथेच उभ्या उभ्या सुमन रडली. सहा महिने झोप नाही म्हणाली. घरी यांनी राजीनाम्याचा कागद लिहून ठेवलाय, फक्त तारीख घालायची बाकी आहे.

"श्रीवास्तवजी वाईट नाहीत हो आई. पण यांना थांबवत नाहीत."

"वाईट नाहीत हे तू कशावरून म्हणतेस?"

"मनू तापली होती तेव्हा रोज येऊन बसायचे."

"फसवणारे बसतातच," मी म्हटलं. "डोळे पूस. मी शनिवारी त्यांच्या चुलीशी बसते."

शनिवार

शनिवारी मोठा घाणा होता. सकाळीच मी चुलीच्या शेजारी पाट टाकून बसले. श्रीवास्तवजी आल्यावर त्यांना बाह्या वर करायला लावल्या. वसंतालाही लावल्या. साबणाने हात धुवायला लावले. उकळायचं पातेलं मी स्वतः घासलं आणि उलटं करून उन्हात ठेवलं. मलमल मी धुतली. वसंता लाजेने लाल झाला होता, त्याच्या चिखलासारखा.

"आई, हे वैज्ञानिक माणूस आहेत."

"मग त्यांना धुतलेल्या भांड्याचं वाईट वाटू नये."

"अम्माजी सही कह रही हैं," श्रीवास्तवजी म्हणाले. "हमारी लैब में आप होतीं तो आधी ग़लतियाँ न होतीं."

आदल्या दिवसापासून चिखल सोड्याच्या पाण्यात घुसळत होता. तो मलमलीतून गाळला. खाली पिवळसर पाणी उतरलं, स्वच्छ, पातळ सरबतासारखं. मी त्यात दिवा धरून बघावं तसं बघितलं, काही नव्हतं. वसंताने घरातल्या पिंपातून तीन कळशा पाणी आणून ओतलं. जरा धूसर झालं. मग चुलीवर चढवलं. मी पातेल्यावरून नजर काढली नाही. मनूने हाक मारली, गेले नाही. दारात दूधवाला आला, तिकडेही सुमनच गेली. श्रीवास्तवजी हात मागे बांधून तीन पावलं लांब उभे होते, मुद्दाम, मला दिसावं म्हणून.

उकळी फुटली आणि पातेलं पांढरं झालं. खाली उतरवून ठेवल्यावर कापसासारखे पुंजके सावकाश तळाशी बसले. मागच्यापेक्षाही जास्त.

"बघितलंस?" वसंता म्हणाला. "आता तरी पटलं?"

मला पटलं नव्हतं. कुणी काही टाकलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण मी बाजारात फिरलेली बाई आहे. जे डोळ्यांसमोर होतं आणि तरी कळत नाही, त्याचा जास्त संशय घ्यावा. मी एवढंच म्हटलं, "सोमवार अजून आला नाही." वसंता रागाने उठून गेला. श्रीवास्तवजींनी मला नमस्कार केला, सायकल घेतली, आणि दाराशी थांबून आपल्या बाटलीतलं पाणी प्याले.

रविवार

सोमवारी सगळं संपणार होतं आणि मला काही सापडलं नव्हतं. हाताला काम हवं म्हणून मी पापड करायला घेतले.

उडदाचं पीठ आणलेलं होतं. पापडखार पाण्यात उकळून, निवळून घ्यायचा आणि त्या पाण्यात पीठ भिजवायचं, ही आमची रीत. मी पिंपाच्या तोटीखाली पातेलं धरलं, गॅसवर ठेवलं आणि खार टाकला. पाणी फसफसलं. मग पांढरं झालं. दूध नासतं तशा गुठळ्या वर आल्या आणि बघता बघता त्या कापसासारख्या तळाशी बसल्या.

चाळीस वर्षं मी खार उकळला आहे. तो फसफसत नाही. त्याचा कापूस होत नाही.

पहिला विचार आला, खार भेसळीचा. मग अंगणात गेले. तिथे श्रीवास्तवजींचा एक डबा होता, गाडीच्या बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याचा. त्यातलं वाटीभर पाणी घेऊन तोच खार टाकला आणि तापवला. स्वच्छ. कोपऱ्यावरच्या हापशाचं पाणी मनूला आणायला लावलं. त्यात टाकला. किंचित धूसर, बस. पुन्हा पिंपातलं पाणी घेतलं. पुन्हा फसफस, पुन्हा कापूस.

वसंताची एक बरणी आणून मी त्या पातेल्याशेजारी ठेवली. पांढऱ्यात पांढरं. मला तरी फरक सांगता आला नाही.

मग मी स्टूल ओढून पिंपाचं झाकण काढलं. आत एका दोरीला फडक्याची पुरचुंडी बांधून सोडलेली. वर ओढली. फडक्यात मुठीएवढा तुरटीचा खडा, पाण्याने झिजून गुळगुळीत झालेला.

स्टुलावरच बसले मी. सुमन धावत आली.

"हे कधीपासून आहे गं?"

"दोन महिने झाले. बोअरला रेती यायला लागली ना, तेव्हापासून. पूर्वी मी रोज फिरवायचे. हे म्हणाले, फिरवत कशाला बसायचं, टांगूनच ठेवू."

मी त्याला तीन वेढे द्यायला सांगितलं होतं. तीन वेढे आणि खडा बाहेर. त्याने इंजिनिअरची अक्कल लावली. पण खडा माझा. पहिल्या दिवशी मी ते पाणी दोन तांबे प्याले होते आणि मनात म्हणाले होते, शहाणा आहे माझा मुलगा.

वसंता झोपला होता. त्याला उठवलं आणि तिन्ही वाट्या दाखवल्या. त्याने पुन्हा स्वतः करून पाहिलं. मग शर्ट चढवला, स्कूटर काढली आणि श्रीवास्तवजींना घेऊन आला.

त्यांनी वाट्या पाहिल्या, पुरचुंडी पाहिली. खडा जिभेला लावला. मग पाटावर बसले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या कुडत्याची इस्त्री मोडलेली मला दिसली.

"फिटकरी," ते म्हणाले. "इसमें तो ॲल्युमिनियम ही है. सोडा मिला, तो यही गिरेगा. यही गिरता रहा."

"मग सगळंच ते?" वसंताचा आवाज मला ओळखू आला नाही.

"देखते हैं."

त्यांनी कालचं पांढरं काचेच्या पेल्यात घेतलं आणि त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतलं. मला म्हणाले, "अम्माजी, ॲल्युमिनियम होगा तो इसमें घुल जाएगा. जो हमारा है, वह बैठा रहेगा." चौघं वाकून बघत होतो, मनू मधे डोकं घालत होती. पांढरं पातळ झालं, मग धूर विरावा तसं विरत गेलं. पेला जवळजवळ रिकामा दिसायला लागला. वसंताने तोंड फिरवलं.

"रुकिए," श्रीवास्तवजी म्हणाले. त्यांनी पेला उजेडात धरला. तळाशी मोहरीच्या दाण्याएवढं काहीतरी बसून होतं. त्यांनी पेला हलवला. ते हललं, पण विरलं नाही.

"है," ते म्हणाले. "है तो सही. पर इतना ही है."

 मग वसंता आत गेला, तो राजीनाम्याचा कागद घेऊन आला आणि श्रीवास्तवजींच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, चार घड्या घातल्या आणि परत वसंताच्याच खिशात ठेवला. "ड्यूटी पर जाइए कल," ते म्हणाले. "इतवार को मैं आऊँगा. सरसों के इतने से दाने के लिए इतवार बहुत है."

मला वाटलं होतं, मी जिंकल्यावर आनंद होईल. मी एका माणसाचे खिसे उलटे करायला लावले होते, आणि खडा माझाच निघाला होता. मी त्यांना म्हटलं, "मैंने तुमको चोर समझा. गलत समझा."

"आप देख रही थीं," ते म्हणाले. "मैं नहीं देख रहा था. ग़लती किसकी बड़ी है?"

"तुम पानी क्यों नहीं पीता था? सच बोलो अब."

त्यांनी खडा उचलून पुरचुंडीत ठेवला. "अम्माजी, दो महीने से आपके यहाँ का पानी कसैला था. पहले तो पीता था मैं. पर किसी के घर में बैठकर कैसे कहूँ कि आपका पानी ख़राब है?"

म्हणजे या माणसाच्या जिभेला दोन महिने ठाऊक होतं. प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला माणूस. तुरटीची चव आली, पण यजमानाचा मान राखायचा म्हणून तोंड उघडलं नाही, स्वतःची बाटली आणली, डॉक्टरचं नाव सांगितलं, आणि त्याच पाण्याने तोच गाळ पाडत बसला. आमच्या गावात असतं तर पहिल्या दिवशीच कुणी पचकन थुंकून म्हटलं असतं, काय घातलंय हो यात? आणि आमच्याकडचं सांगायचं तर मलाही चव आली होती. मला ती आवडली होती.

परत

पापड सोमवारी केले, बॅटरीच्या पाण्यात. त्या दिवशी वसंता कामावर गेला. मनू गच्चीवर राखण करत होती आणि शेजारणी येऊन बघत होत्या, एवढं पातळ लाटतात कसं म्हणून. एकीने मला बटाट्याचे शंभर पापड दिले. मी तिला उडदाचे पंचवीस दिले, ते पुरे होतात.

पिंप रिकामं करून घासलं. खडा मी माझ्या पिशवीत घातला. सुमनला सांगितलं, पाणी उकळून पीत जा, तुरटीचं नाव काढू नका. ती म्हणाली, तुम्हीच तर शिकवलं होतंत. मी म्हटलं, म्हणूनच मी सांगते.

स्टेशनवर पोचवायला सगळे आले. श्रीवास्तवजीही आले, इस्त्रीच्या कुडत्यात. मी त्यांना पापडांचा डबा आदल्या दिवशीच पाठवला होता. त्यांनी माझ्यासाठी पेरू आणले होते आणि माझी बाटली फलाटावरच्या नळावर स्वतः भरून आणली.

मी एक घोट घेतला.

"कैसा है?" त्यांनी विचारलं.

"खराब है," मी म्हटलं. "लोखंड लगता है."

ते हसले. मग इकडे तिकडे पाहिलं, घसा साफ केला आणि जवळ आले. बोलावं की नको असं त्यांचं चाललं होतं.

"अम्माजी, अब आपने कह दिया है तो मैं भी कह दूँ. आपके पापड़ में खार ज़्यादा था."

खरं होतं. रविवारी पिंपातल्या पाण्याने खार खाऊन टाकला होता, म्हणून मी माप वाढवलं होतं, आणि बॅटरीच्या पाण्यात ते वाढवलेलंच माप घातलं. घरातल्या तिघांनी ते पापड खाल्ले होते आणि तिघंही छान म्हणाले होते.

गाडी हलली तेव्हा मला त्या माणसाचा पहिल्यांदा विश्वास वाटला.